डावी टाच

कुणी ‘या, खायला’ म्हटलं नाही. झालं ते एवढंच.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या जोड्यांच्या कारखान्याच्या दारात उभी होते. दोन दिवस मेयकावायानला चामडं निवडण्यात गेले होते, त्याचा वास अजून केसांतून गेला नव्हता. समोर आमची अकरा माणसं लांब टेबलाभोवती बसून खात होती. पानदेसालचे गरम पाव, लसणीवर परतलेला रात्रीचा भात, सुके मासे, चिरलेले टोमॅटो. माझ्यापुढे चार पावलांवर रेटो होता, माझा भागीदार. तो त्यांच्या मधून गेला, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला, अकराही जणांनी ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हटलं, आणि तो आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसला. त्याला काहीच जाणवलं नाही. मी मात्र दारातच थांबले. आमच्या मारिकिना गावात पुढ्यात एक घास असला तरी माणूस समोरून जाणाऱ्याला खायला बोलावतो. त्याला ओळख लागत नाही. विजेचं बिल घेऊन येणाऱ्याला बोलावतात, भाडं मागायला आलेल्या घरमालकाला बोलावतात, भांडून माहेरी गेलेली सून फणी न्यायला परत आली तर तिलासुद्धा बोलावतात. समोरच्याने ‘झालं माझं’ म्हणायचं आणि पुढे जायचं. कुणी खरंच बसत नाही आणि कुणी बोलवायचं विसरतही नाही. अकरा माणसं एकदम तर नाहीच विसरत. मला बोलावलं, पण एकट्या मारिविकने, तेही नजर पावावर ठेवून. “आते फेली, या.” आते म्हणजे आमच्याकडे ताई. मी म्हटलं, झालं माझं. झालं नव्हतं.

रेटो आठ महिन्यांपूर्वी खरंच बसला होता. स्वित्झर्लंडहून आलेला सव्वासहा फुटी माणूस, पहिलाच दिवस, शर्टाला इस्त्री, आणि मारिविक डबा उघडून सवयीने म्हणाली, “सर, या खायला.” तो म्हणाला, थँक यू, आणि स्टूल ओढून बसला. तिचा अर्धा भात खाल्ला. दोन मासे खाल्ले. तिसऱ्याचे काटे कसे काढायचे ते विचारलं. टेबलावर सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग ताताय पोन्सो हसायला लागले. बापाला आणि बापाच्या वयाच्या माणसाला आम्ही ताताय म्हणतो. सत्तरीचा माणूस, हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाले, “अरे, याला अजून कुणी काही शिकवलेलं नाही. राहू दे असाच.” त्या दिवसापासून तो आमचा झाला. रस्त्यावरची पोरंसुद्धा त्याला ओळखायला लागली, तो जेवणारा साहेब म्हणून. संध्याकाळी मीच त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, की बाबा रे, बोलावणं ही रीत आहे, ‘झालं माझं’ म्हणायचं असतं. त्याने वहीत लिहून घेतलं. त्याला सगळं वहीत लिहायची सवय. दुसऱ्या दिवसापासून तो बिनचूक ‘झालं माझं’ म्हणून काचेच्या खोलीत जायला लागला. मी त्याला शहाणं केलं. माझ्या हातून झालेल्या चुकांत ही मी बरीच वर धरते.

मी चामड्याचे नमुने टेबलावर ठेवले आणि उगाच कारखान्यातून एक फेरी मारली. रेडिओ बंद होता. शिलाईच्या मशीनवर बसलेल्या बायका गप्पा न मारता शिवत होत्या, आणि या बायका प्रार्थनेच्या वेळीसुद्धा गप्प राहत नाहीत. खिडकीजवळ ताताय पोन्सोंची जागा. कलबुतावर, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर, चामडं ओढून खिळवायचं काम त्यांच्याकडे, म्हणजे ज्या कामाने जोडा जोड्यासारखा दिसतो ते काम. त्यांच्या डोक्यावर भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला त्यांची हातोडी असते. मी चौदा वर्षांची असल्यापासून ती हातोडी पाहिलेली आहे, कारण हा कारखाना तेव्हा माझ्या बापाचा होता आणि पोन्सो त्याचे कारागीर होते. खिळा रिकामा होता. ताताय कुणाची तरी दुसरी हातोडी घेऊन काम करत होते, सावकाश, एक खिळा ठोकून झाला की जरा थांबत. मी ते खिळ्याचं रिकामं टोक बघत राहिले. चप्पल तुटली, पगार उशिरा झाला, कुणी शिवी दिली तरी आमचा कारागीर हत्यार घरी नेत नाही. हत्यार घरी नेलं म्हणजे माणूस मनाने आधीच गेला, अंग तेवढं चार दिवस उशिरा जातं.

“ताताय, काय झालं?” मी विचारलं.

“काय व्हायचंय?”

“हातोडी दिसत नाही.”

“दांडा हलत होता. घरी नेली बसवायला.”

“इथे बसवता आला नसता?”

“घरी गोंद चांगला आहे.” त्यांनी खिळा ठोकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शनिवारी लुसेनाला जातोय. पुतणीकडे.”

“किती दिवस?”

“बघू.”

हा ‘बघू’ मला पाठ आहे. माझा बाप असाच ‘बघू’ म्हणायचा. त्याचा कारखाना बुडायला लागला तेव्हा मी शहरात कुबावला एका मोठ्या दुकानात नोकरी धरली, परदेशी जोडे विकायची. पोट भरायला धरली, दुसरं काय करणार होते? पण ज्याने आयुष्यभर जोडे केले त्याच्या मुलीने गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पायात दुसऱ्याचे जोडे घालायचे, हे त्याला लागलं. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याने नुसतं माझ्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली. रविवारी मी यायचे, तो पाठ करून बसायचा, मी विचारायचे की बरं आहे ना, तो म्हणायचा, बरं आहे. ‘पुढच्या रविवारी मिस्साला बरोबर जायचं का?’ ‘बघू.’ रुसलेल्या माणसाला एकदा विचारून भागत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारायचं, हाताला धरायचं, काहीतरी वेड्यासारखं बोलून हसवायचं. पण मीही त्याचीच मुलगी. मी एकदाच विचारलं. एका रविवारी जिन्याशी उभी राहून म्हटलं, ‘ताताय, माझ्यावर रागावलायत का?’ तो ‘नाही’ म्हणाला, मी ‘बरं’ म्हणून खाली उतरले, आणि पुढच्या लेंटच्या उपासांत तो वारला. मग दोन हजार नऊच्या पुरात नदी आमच्या छपरापर्यंत आली तेव्हा त्याची चारशे लाकडी कलबुतं पाण्यावर तरंगत खिडकीशी येऊन थांबली होती. मी छपरावरून बांबूने एकेक ओढून घेतली. लोक कपाटं वाचवत होते, कागद वाचवत होते, आणि मी पाय गोळा करत होते. त्यांचं करायचं काय, हे बारा-तेरा वर्षं मला माहीत नव्हतं. मग रेटो आला.

मी दुकानात त्याला जोडे दाखवत होते आणि कंटाळून म्हणाले होते, हे घेऊ नका, याची शिलाई वर्षभर टिकणार नाही. दुकानात नोकरीला असून हे बोलणारी बाई त्याने पाहिली नव्हती. त्याने पैसे घातले, मी बापाची शेड, कलबुतं आणि माणसं घातली. माणसं म्हणजे मुख्यतः पोन्सो. ते आले म्हणून बाकीचे आले. आणि आता पहिली मोठी मागणी होती, झुरिकच्या एका दुकानाची, तीनशे जोड, सोळा दिवस राहिलेले, दीडशे व्हायचे. पोन्सो लुसेनाला गेले की कलबुतावर चामडं ओढणारं कुणी नाही. जोड वेळेवर गेले नाहीत तर ते दुकान गेलं. ते दुकान गेलं की रेटोही आज ना उद्या जाईल, तो वाईट माणूस नाही, पण त्याच्याकडे परतीचं विमान आहे. माझ्याकडे काय आहे? शेडसाठी रोज फोन करणारा एक गाड्या धुवायच्या धंद्यातला माणूस आहे. त्याला फरशी हवी, पाण्याची जोडणी हवी आणि आत काही नको.

मी काचेच्या खोलीत गेले. रेटो एका हाताने कंबर दाबत दुसऱ्या हाताने कामाचा तक्ता भरत होता. ही कंबर त्याची रोजचीच. मी म्हटलं, बाहेर काहीतरी बिनसलंय. त्याने मान वर केली आणि प्रामाणिकपणे विचार केला. मग भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. तक्रारपेटी. त्याने पहिल्याच आठवड्यात लावली होती, कुलूप घालून, किल्ली त्याच्या गळ्यात. आठ महिन्यांत तिच्यात एकच चिठ्ठी निघाली, त्याच्या वाढदिवसाची.

“काल उघडली,” तो म्हणाला. “रिकामी आहे.”

“रेटो, रिकामी आहे म्हणूनच म्हणतेय.”

“मी सगळ्यांना विचारलं, तक्त्यात बदल केलाय, चालेल ना. सगळे ‘येस सर’ म्हणाले.”

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. सुरुवातीला तर तो एकच प्रश्न चार-चारदा विचारायचा, कारण आमची माणसं ‘हो’ म्हणताना नुसत्या भुवया उचलतात हे त्याला दिसतच नव्हतं. तेही मीच शिकवलं. आता त्याला भुवया दिसत होत्या. त्याखालचे डोळे बघायचे राहिले होते.

मारिविकला मी मागच्या नळावर गाठलं. ती हात धुवत होती. मी म्हटलं, मी दोन दिवस नव्हते, काय झालं ते सांग. ती म्हणाली, “काही नाही, आते.” मी म्हटलं, मारिविक, तुझ्या बारशाला मी होते. ती नळ बंद करून म्हणाली, “मी काही सांगितलेलं नाही हं,” आणि ओठांचा चंबू करून शेडच्या पश्चिमेच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे नापास मालाची फळी आहे. फळीची कल्पना रेटोची. लाल चिठ्ठी लावून चुकलेला जोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, म्हणजे सगळे शिकतील. मला तेव्हाच ते कसंसं वाटलं होतं, पण नवा उत्साह होता, मी काही बोलले नाही.

फळीवर एकच जोड होता. मी हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. गडद तांबूस, वादीचा जोडा, टाके इतके बारीक आणि सारखे की बोट फिरवलं तर कळावेत, डोळ्यांना कळू नयेत. हा आमच्या मागणीतला नमुना नव्हता. हे मापही आमच्या मागणीत नव्हतं, पंचेचाळीस. मारिकिनात एवढा पाय कुणाचा? मी जोड्याच्या जिभेखाली अंगठा घालून बघितलं. आतल्या बाजूला, जिथे फक्त घालणाऱ्याचा पाय लागतो तिथे, आरीने टोचून काढलेलं एक अक्षर होतं. रेटोच्या नावातलं पहिलं. आणि वादीला लाल चिठ्ठी, रेटोच्या नेटक्या अक्षरात: डावी टाच दोन मिलिमीटर उंच. नापास.

पोन्सोंची टाच दोन मिलिमीटर चुकत नाही. अर्धाही चुकत नाही. माझ्या बापाने दारू पिऊन त्यांना अंधारात टाच बसवायला लावली होती, पैजेवर, आणि ती पैज तो हरला होता. मी जोड हातात घेऊन खिडकीतून बाहेर बघितलं. रेटो अंगण ओलांडून पाण्याच्या टाकीकडे चालला होता. आठ महिने हा माणूस माझ्यासमोर चालतोय. डावं पाऊल पडलं की त्याचा डावा खांदा किंचित खाली जायचा, इतका किंचित, की त्याच्या उंचीत तो हरवून जायचा. मग हात कमरेवर. त्याने एकदा सांगितलंही होतं, लहानपणी बर्फात पाय मोडला होता, डावा. मी ऐकलं होतं आणि ‘अरेरे’ म्हटलं होतं. पोन्सोंनी ऐकलं नव्हतं, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी खिडकीजवळ बसून आठ महिने त्याचं चालणं बघितलं होतं. माप न घेता, न विचारता, जेवणाच्या सुट्ट्यांत बसून एक जोड केला होता, आणि मंगळवारी तो नसताना वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या टेबलावर ठेवला होता, हे मारिविकने मला नंतर सांगितलं. त्यावर नाव नाही, बरोबर चिठ्ठी नाही. आमच्याकडे भेट देताना बोलायचं नसतं आणि देणाऱ्यासमोर ती उघडायचीही नसते, म्हणजे आवडली नाही तर दोघांचीही लाज राखली जाते. आणि रेटोने ती उघडली, मोजपट्टी लावली, आणि लाल चिठ्ठी बांधून अकरा जणांच्या डोळ्यांसमोर फळीवर ठेवली. मला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. आधी रडू आलं.

आता करायचं काय? जाऊन त्याला सगळं सांगणं सोपं होतं. तो तसाच उठून गेला असता, पोन्सोंसमोर ताठ उभा राहून ‘मी दिलगीर आहे’ म्हणाला असता, पोन्सोंनी भुवया उचलल्या असत्या, आणि शनिवारी ते लुसेनाला गेले असते. रुसवा काढायला दुसऱ्याने पाठवलेला माणूस चालत नाही. रुसलेल्याला हेच बघायचं असतं की याच्या लक्षात येतंय का. मी सांगितलं की ते रेटोच्या लक्षात येणं राहिलं नसतं. पण नाहीच आलं तर? माझा बाप वाट बघत होता आणि माझ्या लक्षात आलेलं असून मी जिना उतरले होते. हा तर बिचारा परका, याला जिना कुठे आहे हेच माहीत नाही. मी फळीसमोर उभी राहून नखाने ती चिठ्ठी खरवडत होते. कारखान्यात मशीनं एकेक करून थांबली. सगळ्यांना माझ्या हातात काय आहे ते दिसत होतं, आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. पोन्सो तर खिडकीबाहेरच बघत होते.

रेटो खोलीत परत आला तसा मी जोड नेऊन त्याच्या तक्त्यावर ठेवला.

“घाल,” मी म्हटलं.

“हा नापास आहे. टाच—”

“माहीत आहे. घाल.”

“फेली, माझ्या मापाचा नमुना कुणी का—” तो म्हणाला आणि थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने जोडे पायातून काढले. मोज्याला भोक होतं, ते त्याने अंगठा वाकवून लपवलं. उजवा घातला, डावा घातला, वाद्या बांधल्या. उठून उभा राहिला. मग काहीच केलं नाही, नुसता उभा राहिला. हात सवयीने कमरेकडे गेला आणि तिथे पोचून काय करावं ते न कळल्यासारखा राहिला. तो खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. परत चालला. मी त्याच्या खांद्याकडे बघत होते. खांदा हलला नाही. तीस-पस्तीस वर्षांनी तो माणूस सरळ चालत होता, आणि त्याचा चेहरा शाळेत चुकीच्या वर्गात जाऊन बसलेल्या मुलासारखा झाला होता.

तो खुर्चीत बसला. वाकून डाव्या टाचेवरून बोट फिरवलं.

“हे पोन्सोंनी केलं,” तो म्हणाला.

मी वाकून वादीची चिठ्ठी सोडवली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“माझ्यासाठी. आणि मी...” त्याने ती लाल चिठ्ठी हातात घेतली. “ते रागावलेत.”

“नाही. राग असता तर बरं होतं. राग आला की माणूस बोलतो.”

“मग तुमच्यात याला काय म्हणतात?”

“ताम्पो.”

त्याने वही उघडली. मी ती मिटली. “लिहू नकोस. ज्याच्यावर माया आहे त्याच्यावरच हे करता येतं. वाटेवरच्या माणसावर कुणी रुसत नाही. त्याला वाटतं, तुला न सांगता कळायला हवं होतं.”

“आणि यावर उपाय?”

“विचारायचं. ते म्हणतील, काही झालेलं नाही. परत विचारायचं. ते म्हणतील, मला काम आहे. परत विचारायचं.”

“किती वेळा?”

“मोजायचं नसतं, रेटो.” माझा आवाज जरा चढलाच. “मी एकदा मोजलं होतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. तेवढं त्याला आमच्यात राहून आलं होतं.

तीन वाजता चहापाण्याची सुट्टी झाली. कुणीतरी तळलेली, साखरेत घोळलेली, काडीला टोचलेली केळी आणली होती. काचेचं दार उघडलं आणि रेटो बाहेर आला, आणि मी हातातली केळ्याची काडी खाली ठेवली, कारण हे काही मी शिकवलेलं नव्हतं. त्याने ती लाल चिठ्ठी टाचणीने स्वतःच्या शर्टाला, छातीवर लावली होती. नापास. खाली डावी टाच वगैरे सगळं तसंच. सव्वासहा फुटी माणूस, गंभीर चेहरा, पायात ते तांबूस जोडे, टेबलाला वळसा घालून तो चालत गेला आणि नापास मालाच्या फळीशी, भिंतीला पाठ लावून, उभा राहिला. हात सरळ. मारिविकच्या तोंडातून केळं बाहेर यायचं तेवढं राहिलं. कुणी हसलं नाही, सगळे पोन्सोंकडे बघत होते. पोन्सो कलबूत मांडीवर घेऊन कानस मारत होते, आणि कानस एकाच जागी फिरत होती.

रेटोला आमची भाषा मोडकीतोडकी येते, नको तिथे आदर आणि हवा तिथे नाही. “ताताय,” तो तिथूनच म्हणाला, “तुम्ही माझ्यावर रुसला?”

“नाही बुवा,” पोन्सो म्हणाले. “रुसायला काय झालं?”

“ताताय, रुसला?”

“मला काम पडलंय, सर.”

रेटो फळीजवळून निघाला. अकरा जणांच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर तो चालत पोन्सोंच्या खिडकीशी आला, आणि ती टाच फरशीवर वाजली, डावी-उजवी, डावी-उजवी, अगदी सारखी. बाप गेल्यापासून त्या शेडमध्ये असा आवाज मी ऐकला नव्हता. तो त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. बसल्यावरही तो जवळपास त्यांच्याएवढाच होता. “मोजपट्टी चुकली,” तो म्हणाला. “मी चुकला. मी नापास.”

पोन्सोंनी कानस बाजूला ठेवली. त्याच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. वाकून अंगठ्याने जोड्याचं टोक दाबलं, मग बाजू दाबली.

“मोजपट्टी बरोबर होती,” ते म्हणाले. “दोनच मिलिमीटर. पट्टी जोड्याला लावलीस, पायाला लावायची होती.” मग बाजू पुन्हा दाबून, “करंगळीला चावतोय का?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस, नवा जोडा चावतोच.”

“थोडा चावतो.”

“मग तसं सांग की. आठ महिने झाले, अजून ‘येस सर’च करतोय मला.”

पहिली मारिविक फुटली, मग सगळ्या बायका, मग सगळंच टेबल. पोन्सो तेवढे हसत नव्हते. त्यांनी हात पुढे केला, रेटोच्या छातीवरची टाचणी सोडवली, चिठ्ठीची चारदा घडी घातली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली. “ही राहू दे माझ्याकडे. पुढच्या वेळी तू शहाणपणा केलास की काढीन.” कुणीतरी रेडिओ लावला. कुणीतरी केळ्यांची ताटली पुढे सरकवली. रेटोने हात वर केला आणि अगदी शुद्ध उच्चारात म्हणाला, “झालं माझं.” पोन्सोंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, साहेबाच्या, आणि म्हणाले, “हे कोणी शिकवलं रे तुला?” सगळ्यांनी ओठांचे चंबू करून माझ्याकडे दाखवलं.

शुक्रवारी सकाळी हातोडी खिळ्याला होती. दांडा जुनाच होता, जरासुद्धा हलत नव्हता. लुसेनाच्या पुतणीचं नाव मग कुणी काढलं नाही, मला तर अशी पुतणी आहे की नाही हेही माहीत नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही जे काम केलं ते मी जन्मात विसरणार नाही. रेटोने लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा नदीकाठच्या कचऱ्यात टाकला. चुकलेला जोड आता ज्याचा त्याला हळूच टेबलाखालून परत जातो. तक्रारपेटीचं कुलूप मारिविकने काढलं आणि तिच्यात चमचे ठेवले. तीनशे जोड चौदाव्या दिवशी झाले, दोन दिवस आधी. माझ्या बापाच्या कलबुतांवरून एकेक उतरत गेले, आणि जी कलबुतं मी पुरातून बांबूने ओढली होती ती टेबलावर रिकामी होऊन पुन्हा नव्या चामड्याची वाट बघत उभी राहिली. गाड्या धुवायच्या धंदेवाल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमच्या पायाचं माप काय? तो गांगरला. मी म्हटलं, जोडे हवे असले तर या, शेड नाही मिळणार. फोन ठेवून मी एकटीच हसले.

शेवटच्या दिवशी खोकी ट्रकमध्ये चढत असताना पोन्सो माझ्या शेजारी उभे होते. ते असेच कुठेही बघत म्हणाले, “तुझ्या बापालाही असंच व्हायचं.”

“माहीत आहे मला.”

“तू त्या रविवारी विचारून गेलीस ना, जिन्यावरून.”

“एकदाच विचारलं, ताताय. तो नाही म्हणाला.”

“म्हणणारच. तू खाली उतरलीस तसा आत आला आणि मला म्हणाला, पोन्सो, ती विचारायला आली होती. दिवसभर शीळ घालत होता. ऐकवेना मला.” ते ट्रकवाल्यावर ओरडले, “अरे, उभी ठेव खोकी, आडवी नको.” आणि तिकडे गेले. मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी त्याला पाठमोराच आठवत होते. त्या पाठमोऱ्या माणसाने शीळ घातली असेल असं मनात कधी आलंच नव्हतं. मला भर उन्हात उभं राहून खूप बरं वाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे, बरं वाटलं.

ट्रकबरोबर मी बंदरापर्यंत गेले. खोकी माझ्या डोळ्यांसमोर आत गेली, शिक्के बसले. हा दिवस मला रिकाम्या पोटी घालवायचा नव्हता, म्हणून परतताना वाटेत एका खानावळीत एकटीने ऐटीत जेवले, डुकराचं आंबट सार आणि दोन वाट्या भात. मारिकिनात पोचले तेव्हा दीड वाजला होता. मी कारखान्याच्या दारात उभी राहिले, त्याच जागी. लांब टेबलाभोवती बारा माणसं बसली होती. बारावा सगळ्यात उंच होता, जोडे काढून शेजारी नीट ठेवलेले, मोज्याला तेच भोक, आता ते लपवलेलं नव्हतं. तो मारिविकच्या डब्यातला मासा हाताने सोलत होता आणि पोन्सो त्याला काटे कसे काढायचे ते परत दाखवत होते. दारातली सावली ताटावर पडली. बाकीचे तोंड उघडणार त्याआधी, मान वर न करता, तोंडात घास तसाच ठेवून, रेटो म्हणाला, “ये, खायला.”

माझं खरंच जेवण झालं होतं. मी हात धुवायला गेले.